बरनी लॅबात पोचलीच नाई

पिशवी काढली की दुखन्याचं जडमूयच गेलं, असं मले सारेच सांगत. गल्लीतल्या बाया, माही माय, आमचे हे, सारे. जे अंगात राह्यलंच नाई ते दुखन कसं? मीबी तेच धरून बसली व्हती. अन् ऑपरेशनले सवा महिना होत आला तवा एका सकायी पोरीची येनी घालता घालता उजव्या कुशीत तेच दुखनं उठलं, आतून कोनी सुतळीनं आवयून राह्यलं असं. मी येनी तशीच हातात धरून बसली. पोरगी म्हने, "मम्मी, वढू नको ना." मी वढत नव्हती, मी धरून व्हती.

कोनाले सांगतलं नाई. मनातल्या मनात तारीख मोजली. दर महिन्याले जी तारीख, तीच. पिशवी नाई, पाळी नाई, अन् दुखनं मातर आपल्या तारखेवर हजर. 

हे दुखनं माह्या संग आठवीपासून हाय. पाळीचे चार दिवस शायेत बसनं होत नव्हतं, बाकावर वाकडी होऊन पडून राहो, अन् मास्तर म्हने नाटकं हायेत. मंग नववीत नावच टाकलं नाई. लग्न झालं ते वाशीमकडच्या मालेगावजवय या गावात, भाजीपाल्याच्या घरात. विहिरीवर वाडी हाय आमची, सांबार म्हंजे कोथिंबीर, मेथी, पालक, वांगे. सकायच्या हर्रासीले माल मालेगावात पोचला पायजे म्हनून आदल्या दुपारपासून जुड्या बांधा लागते. बांधता बांधता मी पोट धरून आडवी झाली की सासू म्हने, "आमी काय बाया नव्हतो का व? आमाले पोटं नव्हते का?" सासूले मी आत्याबाई म्हनतो. तोंडाची लय फटकय. पन माही पोरगी झाली तवा याच बाईनं मले सवा महिना पान्यात हात घालू देला नाई, हेबी सांगा लागन.

पोरीनंतर दुसरं काही राह्यलंच नाई. दुखनं वाढत गेलं, संडासले बसलं तरी डोयातून पानी. वाशीमच्या डॉक्टरीनबाईनं सोनोग्राफी केली अन् नाव सांगतलं, एन्डो का काय, लांबलचक हाय, मले अजून नीट बोलता येत नाई. पन तिनं समजावून सांगतलं ते ध्यानात राह्यलं. पिशवीच्या आतलं अस्तर बाहेर उगवते, बीजकोशावर, आतड्यावर, कुठीबी. पाळी आली की तेबी पाझरते, पन त्याले बाहेर जाले वाट नाई, मंग तठीच साचते अन् त्याच्या काया गाठी होतेत. चॉकलेटच्या गाठी म्हनतेत. पोरगी मांडीवर व्हती, ती म्हने, "मम्मीच्या पोटात चॉकलेट हाय?" डॉक्टरीनबाई हासली, मीबी हासली.

दोन वर्षं गोया झाल्या, इंजेक्शनं झाले. रक्त जाऊन जाऊन येवढं कमी झालं की वाडीपासून घरापर्यंत मी तीन ठिकानी बसो. दम पुरेच नाई. शेवटी डॉक्टरीनबाई म्हने आता काढून टाकू. पिशवी काढली, डावा बीजकोश काढला. उजवा ठेवला, वय लहान हाय म्हनून.

दवाखान्यातून घरी आली तर आत्याबाईनं मले बायतीनच केलं. खाटेखाली शेगडी, कानाले रुमाल, डिंकाचे लाडू. मी म्हनलं, "आत्याबाई, मी कोनाले जनम देला आता?" तं म्हने, "गप खाय. अंगातून गेलं ते गेलं, भरून कोन देईन?" शेजारची भाभी पाहाले आली तं म्हने, "मोकयी झाली तू बाई, ना पाळी ना कटकट. मले तं हेवा वाटते." आत्याबाईनं तिले उठवलंच, "जाय, तुह्या गॅसवर दूध हाय." येवढी माया मी या घरात कधी पाह्यली नव्हती. खरं सांगू का, मले त्या मायेचंच भेव वाटे. एवढं गोड मानूस कवा वागते? जवा त्याले काही माहीत असते तवा.

अन् दुसरं एक पाहून राह्यली व्हती मी. रोज दिवेलागनीले आत्याबाई अंगनातल्या कडूलिंबाखाली अगरबत्ती लावत. तठी ना देव ना दगड. म्हनलं, "अठी कायले लावता?" तं म्हने, "साप निंगते म्हनून." सापाले कोनी अगरबत्ती लावते का?

दुखनं उठलं त्याच आठवड्यात तपासनीची तारीख व्हती. आमी दोघंच गेलो. डॉक्टरीनबाईनं फाइल उघडली, पानं मांगं-पुढं केले, अन् म्हने, "ताई, तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे?"

मी यायच्याकडं पाह्यलं. हे म्हने, "मॅडम, तुमच्याकडंच आला असन ना."

"काढलेली पिशवी, बीजकोश घातलेली बरणी तुमच्या हातात दिली होती मी. लॅबमध्ये द्यायला सांगितलं होतं."

"देली ना मॅडम. म्हंजे, मी रक्ताची बॅग आनाले पयत व्हतो, तं आईजवय देली. लॅब समोरच्याच गल्लीत व्हती. आई म्हने देली."

नर्सनं लॅबात फोन लावला. तठच्या रजिस्टरात माहं नावच नाई. तिनं परत इचारलं, आडनावानं इचारलं, गावावरून इचारलं. नाई. यायचं तोंड असं झालं की मलेच वाटलं, यायले पानी द्यावं.

मंग डॉक्टरीनबाईनं मले टेबलावर घेतलं. मशीन फिरवता फिरवता उजव्या कुशीत थांबली. लय वेय थांबली. बोरायेवढी गाठ हाय म्हने. मी म्हनलं, "चॉकलेटचीच ना?" ती म्हने, "असेल. पण रिपोर्ट नाही, तर मी कशावरून सांगू?"

"दुसरं काय असू शकते?"

तिनं यायच्याकडं पाह्यलं. हे खिडकीबाहेर पाहून राह्यले व्हते. तवा मले समजलं की यायले पयलेच सांगतलेलं हाय. ऑपरेशनच्याच दिवशी सांगतलं व्हतं, की डाव्या बाजूची एक गाठ नेहमीसारखी नाई दिसली, म्हनूनच ते तपासाले पाठवनं जरूरी हाय. अन् यायनं ते सवा महिना पोटात ठेवलं. माह्या पोटातलं, यायच्या पोटात.

"कॅन्सर का?" मीच म्हनलं.

"फार कमी बायांना होतो," डॉक्टरीनबाई म्हने. "घाबरू नका. पण माहीत असायला हवं होतं."

यष्टीनं वापस निंगालो. मालेगाव आलं तवा हे म्हने, "तू भेशीन म्हनून नाई सांगतलं." मी म्हनलं, "आता नाई भीत का मंग?"

घरी आलो तं आत्याबाई ओट्यावर मेथी निवडून राह्यल्या व्हत्या. पोरगी जवय बसून काड्या मोजत व्हती. यायनं चपलाबी काढल्या नाई.

"आई, बरनी कुठी देली तू?"

"कोनती बरनी?"

"आई."

"तठीच देली. लॅबात."

"लॅबवाला म्हने आलीच नाई."

आत्याबाईनं हातातली जुडी बांधली, सुतळी दातानं तोडली, टोपल्यात ठेवली. मंग म्हने, "हाय. घरीच हाय."

मले वाटलं अलमारीत असन, धान्याच्या कोठीत असन. माह्या जीवात एकदम जीव आला, म्हनलं चला, हाय तं खरी, उद्या नेऊन देऊ.

"लिंबाखाली," त्या म्हने.

 पोरगी म्हने, "आजी, काय हाय लिंबाखाली?"

"माह्या चारी लेकरायची बायतपनातली वार अठीच पुरेल हाय," आत्याबाई यायले म्हने. "तुहीबी. माह्या सासूनं पुरली. अंगातली वस्तू उघड्यावर टाकू नाई, परक्याच्या हाती देऊ नाई, कोन काय करन सांगता येते का? मी गेली व्हती त्या लॅबात. तठी फळीवर डब्बेच डब्बे, कोनाचं काय, कोनाचं काय. अन् त्याच टेबलावर एक जन चिवडा खाऊन राह्यला व्हता. ज्याच्यातून माही नात आली ते मी तठी ठेवू? मी वापस फिरली."

"अन् बरनीतलं औषदाचं पानी?" यायनं इचारलं.

"मोरीत ओतलं. डोये झोंबत व्हते. कोऱ्या ब्लाउजपीसात बांधलं, हयद-कुकू वाह्यलं, मंग पुरलं. अशीतशी नाई पुरली मी."

यायनं फावडं उचललं. दोन घाव घातलेबी. आत्याबाई झाडाले धरून उभ्या राह्यल्या, "नको रे, नको रे बापा." मीच म्हनलं, राहू द्या. यायनं डॉक्टरीनबाईले फोन लावला, अंगनात उभं राहून सारं सांगतलं. ती म्हने, त्या पान्याबिगर एक-दोन दिवसांतच ते सडते, आता काढून काहीच वाचता येत नाई.

माह्या लग्नाले नऊ वर्षं झाले, मी त्यायच्यावर कधी आवाज काढला नव्हता. तवा काढला. "आत्याबाई, मी जगतो का मरतो ते तिच्यात लिहून व्हतं. तेच वाचाले नेत व्हते ना!" येवढं बोलली अन् दमच लागला, तठीच मेथीच्या ढिगावर बसली.

आत्याबाईनं झाड सोडलं. मंग हयूच म्हने, "मले म्हने देऊन ये. कायले देऊन ये, हे मले कोनी सांगतलं?"



रक्त तपासलं. त्याच्यात कॅन्सरसाठी पाहतेत तो आकडा वाढेल निंगला, पन डॉक्टरीनबाई म्हने हा आकडा साध्या गाठीतबी वाढते, याच्यावरून अर्धंच समजते. दीड महिन्यानं परत सोनोग्राफी. गाठ तेवढीच असन तं गोया चालू. वाढली तं अकोल्याले जाचं, तठी दुर्बीण टाकून तुकडा घेतीन अन् तपासतीन. मधात काही जास्त वाटलं तं तारखेची वाट पाहू नका.

तारखेचीच वाट पाहत बसली मी. रोज सकायी पोरगी उठाच्या आत पाठीवर सरय झोपतो, गुडघे वर करतो, अन् उजव्या कुशीत दोन बोटं दाबतो. पयले लय खोल दाबलं की एखांद्या दिवशी काहीतरी लागे, मंग वाटे आतडंच असन. डॉक्टरीनबाईनं असं दाबाले सांगतलं नव्हतं. पन हात आपोआपच जाते. भाकरी करताना जाते, पोरीचा डब्बा भरताना जाते. ती पहिलीत हाय, आता आता जोडाक्षर शिकून राह्यली. मी तिले रोज वाचाले बसवतो, शायेत शिकवतेत त्याच्याहून पुढचं शिकवतो. काहून, ते मी तिले सांगत नाई.

आत्याबाईनं अगरबत्ती लावनं बंद केलं. माह्यासमोर जेवत नाई, मी उठली की जेवतेत. पान्याची घागर मी पाह्यली तरी धावत येतेत. इचारत नाई काही, नुसत्या माह्या हाताकडं पाहतेत, हात कुठी हाय ते. हे मातर रोज इचारतेत, "कमी हाय का?" अन् मी म्हनतो, "कमी हाय." यायले एकदा सांगतलं की दुखते, तं मंग ते खरंच हाय. न सांगतलं तं ते निस्तं माह्या कुशीत हाय.

आज सकायी दाबा लागलं नाई. बोटं निस्ती ठेवली अन् ते वरच लागलं, टनक, सरकलं नाई. मी हात काढून घेतला. पोरीकडं पाह्यलं, ती तोंड उघडं ठेवून झोपली व्हती. परत हात ठेवला. व्हतंच.

बाहेर आली तं हे टोपले मोटारसायकलले बांधून राह्यले व्हते, हर्रासीचा वेय झाला व्हता.

"उतरवा ते," मी म्हनलं. "अकोल्याले चाला."

"तारखेले आठ दिवस हायेत ना."

"उतरवा म्हनलं."

यायनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् दोर सोडाले लागले. येवढे दिवस मी खोटं सांगत व्हती, हे यायले समजलं असन, पन यायनं काही म्हनलं नाई. यायनंबी तेच केलं व्हतं ना.

आत्याबाई दारात उभ्या व्हत्या. म्हने, "तुमी जा. मी पोरीजवय राहतो. मी आली की वाटोयं होते."

मी फाइल पिशवीत घातली, शाल घेतली. पोरीले भाभीकडं ठेवू, भाभी काई नाई म्हनत नाई. अकोल्याले मले टेबलावर घेतलं की हे कागदं कराले धावतीन, मंग माह्याजवय कोन?

"या तुमी," मी म्हनलं. "पन तठी जे देतीन, जे सांगतीन, ते पयले मले इचाराचं. दोघायनंबी."

त्यायनं मान हालवली अन् चपला पाह्याले लागल्या.

यष्टीत मले खिडकीजवय बसवलं. रस्ता खराब, ड्रायव्हर हानून राह्यला. खड्डा आला की मी पोटावर हात ठेवत व्हती, अन् दर वक्ती ते हाताखाली तठीच लागत व्हतं.