करार झाला की

आमच्या पट्ट्यात कुणी कुणाला पगार विचारत नाही, करार विचारतात. भोसरी असो, चाकण असो, कंपनीच्या बसथांब्यावर दोन कामगार भेटले की पहिला प्रश्न, "कितीचा झाला?" समोरचा म्हणतो, "अकराचा." म्हणजे युनियन आणि मॅनेजमेंटमध्ये वेतनवाढीचा करार झाला आणि महिन्याचा पगार अकरा हजारांनी वाढला. तीन-साडेतीन वर्षांतून एकदा हा योग येतो. गेटवर गुलाल उडतो, डीजे वाजतो, आणि चौकात फ्लेक्स लागतो, 'ऐतिहासिक वेतनवाढ करार'. लग्न होऊन मी लातूरकडून इकडे आले तेव्हा मला वाटलं होतं, ऐतिहासिक आहे म्हणजे एकदाच होत असेल.

नवरा चाकणच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे, पर्मनंट. त्या पर्मनंट शब्दावरच आमचं लग्न जमलं. घरात आल्याआल्या माझ्या लक्षात आलं की इथे दिवाळी-दसऱ्यापेक्षा मोठा सण करार आहे. करार झाला की फ्रिज. करार झाला की सोफा. मुलीला सायकल हवी असेल तर ती 'बाबा, सायकल कधी?' असं विचारायची नाही, 'बाबा, करार कधी?' असं विचारायची. हळूहळू मीही तसंच बोलायला लागले. माणूस जिथे राहतो तिथल्या चुका आपोआप शिकतो.

आमची चूक अशी झाली. जुना करार संपला होता आणि नवा सहा महिन्यांत होणार असं युनियनवाले छातीठोकपणे सांगत होते. त्या भरवशावर आम्ही सांगवीतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून फ्लॅट घेतला. जाहिरातीत रावेत, प्रत्यक्षात किवळे. बँकेने कर्ज दिलं, पण आधी भरायच्या रकमेत तीन लाख कमी पडत होते. नणंदेच्या लग्नासाठी कंपनीच्या पतपेढीतून काढलेलं कर्ज अजून फिटत होतं, तिथून आणखी मिळणार नव्हतं. तेव्हा मी अण्णांना फोन केला.

अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. एकतीस वर्षं उसाच्या गाड्यांची वजनं लिहिली आणि निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवून गावातल्या घरी आईबरोबर शांतपणे राहत होते. मी म्हणाले, "अण्णा, करार झाला की पहिले तुमचे." अण्णा "बरं" म्हणाले आणि चौथ्या दिवशी तीन लाख माझ्या खात्यात आले. पैसे नवऱ्याने नाही मागितले, मी मागितले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्यावर तणतणताना दिसले तर कुणी उगाच माझी बाजू घेऊ नये.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. कंपनीच्या ऑर्डरी कमी झाल्या, बोलणी फिसकटली, पुन्हा सुरू झाली. नवरा कामावरून आला की मी नुसती बघायची आणि तो बूट काढता काढता सांगायचा, "अंतिम टप्प्यात आहे." हे इतक्या वेळा झालं की घरात सगळ्याच गोष्टी अंतिम टप्प्यात गेल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून भात झाला का विचारलं की मुलगी आतून ओरडायची, "अंतिम टप्प्यात आहे!"

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी गेले नाही. मुलीची परीक्षा आहे, अशी थाप मारली. खरं म्हणजे चौघांच्या जाण्यायेण्याचा खर्च अंगावर येत होता, आणि त्याहून खरं म्हणजे अण्णांसमोर बसून चिवडा खायचं मला धाडस नव्हतं. भाऊबीजेला व्हिडिओ कॉल केला. बोलणं झाल्यावर आईने फोन बंद न करताच टेबलावर टेकवून ठेवला. मी इकडे बघत राहिले. अण्णा खुर्चीवरून उठले. आधी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मग एक हात भिंतीवर, मग थांबले, मग एक पाऊल. दारापर्यंत चार पावलं असतील, पण ती संपेपर्यंत मला फोन बंद करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला खोदून विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत डॉक्टरनी. बघू म्हणतात." अण्णांचे गुडघे आमच्या फ्लॅटच्या भिंतीत चिणलेले होते.

त्या रविवारी मी मुलीच्या वहीचं पान फाडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'घरगुती खर्चकपात करार'. मॅनेजमेंट मी. कामगार पक्ष नवरा, सासूबाई आणि मुलगी. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. नवऱ्याला आधी गंमत वाटली, पण मी कलमं वाचायला लागले तसा त्याचा चेहरा उतरला. दूध दीड लिटरचं एक लिटर. मटण दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा. टीव्हीचा रिचार्ज बंद. मुलगी क्लासला व्हॅनऐवजी चालत. नवऱ्याची शिफ्ट सुटल्यावर मित्रांबरोबरची मिसळ बंद. त्याने दुसऱ्या कुणाशी तरी बदली करून कायम सेकंड शिफ्ट घ्यायची, म्हणजे रात्रीचं जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नाममात्र पैशांत होईल. माझ्या नवीन साड्या आणि ब्यूटी पार्लर बंद.

नवऱ्याने सगळं मान्य केलं. युनियनचा माणूस असून इतका मऊ निघेल असं वाटलं नव्हतं. खरी झुंज दिली सासूबाईंनी. त्या खेड तालुक्यातल्या, बोलायला खणखणीत. मधल्याच एका कलमात मी त्यांचा दुपारी तीनचा चहा कापला होता.

"ह्ये न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या. "दूध कापा, मटण कापा, आमी काय बी बोलनार न्हाई. पन तीनच्या च्याला हात लावायचा न्हाई."

"सकाळी दोनदा होतो की तुमचा."

"सकाळचा कामाचा असतो. तीनचा माजा असतो."

मॅनेजमेंटने काट मारली. कलम मागे घेतलं. नवरा पुटपुटला, "बोलणी करायला कंपनीत आईलाच पाठवायला पाहिजे होतं."

भांडण झालं ते शेवटच्या कलमावर. मी लिहिलं होतं, 'जे वाचेल ते दर महिन्याच्या दहा तारखेला अण्णांना.' नवरा म्हणाला, "अगं, आधी पतपेढीचं जास्तीचं भरून टाकू. तिथे व्याज चालू आहे. अण्णांचं काय, घरचंच आहे. व्याज थोडंच लागतंय?"

"लागतंय," मी म्हणाले. "अण्णांचं व्याज गुडघ्यांवर चढतंय."

मी हे जरा मोठ्यानेच म्हणाले. मुलगी उठून आत गेली. नवऱ्याने पान पुढे ओढलं आणि सही केली. पुढच्या आठवड्यात न सांगता आपली बाइक विकून आला आणि पैसे माझ्यासमोर ठेवले. कंपनीची बस आहेच, म्हणाला. त्या दिवशी मला त्याच्याशी गोड बोलायचं होतं, पण सवय गेली होती, म्हणून मी फक्त त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी केली.

करार फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि आम्ही कामाला लागलो. काटकसरीत एक ताकद असते असं लोक सांगतात. मला तरी ती दिसली नाही, कंटाळा मात्र भरपूर दिसला. रविवारी दुपार टळल्यावर मी पिंपरीच्या भाजी मंडईत जायची, कारण तेव्हा विक्रेते उरलेलं ढिगाने देतात. मग आठवडाभर एकच भाजी. एका आठवड्यात सहा दिवस कोबी झाला. सहाव्या दिवशी नवरा फोनवर म्हणाला, "आज कॅन्टीनला पनीर होतं," आणि मी फोन ठेवून दिला.

समारंभांना जाणं बंद करता येत नाही, पण आहेर आटोक्यात ठेवता येतो. आलेले ब्लाउजपीस मी एका पिशवीत साठवायची आणि तेच पुढे द्यायची. सगळ्याच बायका हे करतात, फक्त कुणाचा कुणाला जातोय एवढं लक्षात ठेवावं लागतं. नणंदेच्या घरी हळदीकुंकवाला मी एका बाईंची ओटी भरली. त्यांनी ब्लाउजपीस हातात घेऊन उलटापालटा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "रंग छान आहे. मीच निवडला होता." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

एकदाच मला स्वतःची लाज वाटली. दिवाळीला मुलीला ड्रेस घ्यायला पिंपरी कॅम्पात गेलो होतो. दुकानदाराने एक निळा ड्रेस पुढे केला. तिने कापडाला हातसुद्धा न लावता आधी आतली चिठ्ठी उलटून किंमत बघितली आणि म्हणाली, "हा नको, मला निळा आवडत नाही." तिला निळाच आवडतो. मी तो घेतला. कराराचं उल्लंघन झालं, आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

दर दहा तारखेला अण्णांना पैसे जात होते. कधी आठ हजार, कधी बारा, बाइक विकली त्या महिन्यात जास्त. अण्णा दर वेळी फोनवर "पोचले" एवढंच म्हणायचे. कंपनीचा करार अखेर झाला तेव्हा आमच्या घरच्या कराराला सव्वा वर्ष झालं होतं. नवरा गुलालाने माखून घरी आला, कानात, नाकात, बनियनमध्ये गुलाल. अपेक्षेपेक्षा बराच कमी झाला होता, पण फ्लेक्सवर ऐतिहासिकच लिहिलं होतं. मागच्या महिन्यांचा फरक दोन हप्त्यांत मिळाला आणि दुसरा हप्ता आला त्याच दिवशी मी अण्णांचं उरलेलं सगळं पाठवलं. तीन लाख, पै न पै. मी फोन केला, "अण्णा, आता इकडे या. दोन्ही गुडघे इथेच करू."

अण्णा आले. बसमधून उतरताना पाठमोरे उतरले, शिडीवरून उतरतात तसे. डॉक्टरांनी तपासलं, खर्च सांगितला. अण्णा म्हणाले, "एकच करू. उजवा."

का, ते मला घरी आल्यावर कळलं. तीन लाख मी एकरकमी घेतले होते आणि चिल्लर करून परत केले होते. आठ हजार आले तेव्हा घराचे पत्रे बदलायचे होते, दहा आले तेव्हा आईच्या डोळ्यांचं निघालं, बारा किराणा-औषधांत गेले. त्यांनी काही उधळलं नव्हतं. हप्त्याहप्त्याने आलेला पैसा हप्त्याहप्त्यानेच गेला. हातात राहिले ते एका गुडघ्यापुरते. दीड वर्ष काटकसर करून मी कर्ज फेडलं होतं आणि गुडघा अर्धाच फेडला होता.

उजव्याचं ऑपरेशन नीट झालं. अण्णा दीड महिना आमच्याकडे राहिले. वॉकर घेऊन हॉलपासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारायचे आणि सासूबाई सोफ्यावर बसून मोजायच्या. एकही फेरी कमी करू द्यायच्या नाहीत. एका दुपारी तीनला आम्ही चहाला बसलो होतो. मला राहवेना.

"अण्णा, करार झाला की देते म्हणाले होते. किती उशीर केला आम्ही. तुम्ही एकदासुद्धा विचारलं नाहीत."

"काय विचारू?" अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "एकतीस वर्षं कारखान्यात काढली मी, बाई. आमचे बी करार व्हायचे. एक तरी बोलल्या टायमाला झाला का? मला काय कळत नव्हतं?"

"मग दिलेत कशाला?"

"तू घर म्हणालीस. गुडघे काय, तवाबी दुखायलते."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. "आणि डावा?" मी ओरडलेच.

"डाव्याला काय घाई हाय? बघू की. पुढचा करार झाला की."

ते एकटेच हसले. मी उठले आणि फ्रिजच्या दारावरचा जुना कागद काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. तो उलटा करून पाठीमागे लिहिलं, 'एक. अण्णांचा डावा गुडघा. दिवाळीच्या आत. कंपनीच्या कराराची वाट बघायची नाही.' खाली दूध लिहिलं, मटण लिहिलं. पुढे काय कापायचं ते सुचेना. कापण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "लिही," त्या म्हणाल्या, "तीनचा च्या बंद."

"राहू द्या, सासूबाई. एका चहाने काय होतंय?"

"तू लिही म्हन्ते ना. सही मी करते."

मी लिहिलं. कपात उरलेला चहा त्यांनी सावकाश संपवला, मग सही केली.