वगळलेले चौकोन

त्याला सगळे शिडीवाला म्हणत. स्कूटरच्या बाजूला शिडी बांधून तो वस्तीत शिरला की लोकांना आपापल्या भिंती आठवत. कॅमेरा लावायचाय, कॅमेरा बंद पडलाय, कॅमेऱ्यात धुकं दिसतंय. बारा वर्षं तो हेच करत होता. एकटाच.

कामाच्या बाबतीत तो हट्टी होता. गिऱ्हाईक म्हणे, जरा खाली लाव, चेहरा नीट दिसेल. तो म्हणे, खाली लावला तर चोर आधी कॅमेराच नेईल. मग वर लाव. वर लावला तर टकलं मोजत बसाल. नऊ फूट, फार तर दहा. तोंड उन्हाकडे नको. वायर जोडात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं, जोडात उतरत नाही. हा झोळ बघूनच लोक ओळखत, काम शिडीवाल्याचं आहे.

"कॅमेरा बंद पडला की कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका," तो सांगे. "आधी वीज बघा. मग जोड बघा. मग मला फोन करा. तेवढ्यात तो बहुतेक चालू झालेला असतो."

कोपऱ्यावरच्या घरात त्यानं तीन कॅमेरे बसवले, तेव्हा तो स्वतःवरच खूश होता. एक पुढच्या फाटकावर, एक दारावर, एक घराच्या बाजूच्या बोळीत. घराभोवतीची वीतभर जागाही सुटली नव्हती. घरमालक जवळच्याच एका गोदामाचे व्यवस्थापक होते. त्यांना तो साहेब म्हणे. साहेब कधी आवाज चढवत नसत. शिडीवाल्यालाही अहो-जाहो करत.

"आवाजही येतो का हो यात?" साहेबांनी विचारलं होतं.

"येतो म्हणजे काय! पाल चुकचुकली तरी ऑफिसात ऐकू येईल."

"आणि इथून बोलता येतं?"

"बोला, भांडा, काय वाटेल ते करा."

साहेब हसले होते. मग त्यांनी आवाज चालू करून घेतला. तिन्ही कॅमेऱ्यांचा.

पाच महिन्यांनी साहेबांचा फोन आला. बोळीतल्या कॅमेऱ्यामुळे मोबाइल सारखा वाजत होता. रात्रभर वाजतो, दिवसाही वाजतो, बघावं तर कुणी नाही.

शिडीवाल्याला हे नवीन नव्हतं. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागतात, माणसाला न दिसणारे. किड्यांना ते कळतात. किडे आले की कोळी येतो. काचेसमोर एक धागा हलला की कॅमेऱ्याला वाटतं, माणूस आला. जाळं नुसतं झाडून भागत नाही. मऊ कोरड्या फडक्यानं काच पुसायची, आणि कॅमेरा धरणाऱ्या पट्टीच्या कडेला पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं. कोळ्याचे पाय घसरतात. तो दुसरीकडे बिऱ्हाड करतो.

तो गेला तेव्हा साहेब कामावर होते. घरात वहिनी होत्या आणि सहा वर्षांची मुलगी. बोळ अरुंद होती. एका टोकाला पुढचं अंगण, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार आणि मागच्या गल्लीत उघडणारं छोटं फाटक. शेजारच्यांचा वेल भिंतीवरून अलीकडे आला होता. दारावरून थेट फाटकापर्यंत पसरला होता.

"वहिनी, शिडी जरा धराल? फरशी घसरते इथली."

वहिनींनी शिडी धरली. थोड्या वेळानं त्यानं पाणी मागितलं. त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या.

"आत कशाला गेली होतीस?"

तो दचकला. आवाज त्याच्या कानाशीच आला. कॅमेऱ्यातून.

"पाणी आणायला," वहिनी म्हणाल्या. वर न बघता.

"इतका वेळ?"

"तांब्या धुतला."

"बरं. मिस्त्री, चालू द्या तुमचं."

शिडीवाला पाणी प्यायला. पट्टीचा एक स्क्रू सैल होता, म्हणून त्यानं ड्रिल काढलं आणि भोक थोडं खोल केलं. ड्रिल गरगरायला लागल्यावर खालून काहीतरी ऐकू आलं. त्यानं ड्रिल थांबवलं.

"काही म्हणालात, वहिनी?"

वहिनी शिडीच्या पायरीकडे बघत होत्या. ओठ मिटलेले. त्यांनी फक्त मान हलवली.

त्यानं परत ड्रिल चालू केलं. त्या परत बोलायला लागल्या.

तेव्हा त्याला कळलं. भोक पुरेसं खोल झालं होतं. त्यानं ड्रिल उचललं आणि शेजारच्या कोऱ्या भिंतीला लावलं. तिथं काहीच लावायचं नव्हतं. सिमेंटची धूळ वहिनींच्या केसांवर पडत होती. त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि बोलत राहिल्या.

"दादा, गुरुवारी अकरा वाजता. बहीण गाडी घेऊन मागच्या गल्लीत येतेय. मी आणि मुलगी."

त्यानं दुसरं भोक पाडायला घेतलं.

"दार उघडलं की त्यांचा मोबाइल वाजतो. दहा मिनिटांत घरी येतात. मागच्या वेळी मी रस्त्याच्या वळणापर्यंतच पोचले होते."

तिसरं भोक.

"स्वतःहून जातेय असं लिहून सही केलीय. बहिणीनं तो कागद पोलिसांत दिलाय. तुमच्यावर काही येणार नाही. अर्धा तास हवा, दादा. फक्त अर्धा तास."

ड्रिलच्या बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला. मग ड्रिल आपोआप थांबलं. बोळीत एकदम शांतता झाली.

"किती भोकं पाडताय, मिस्त्री?" कॅमेरा म्हणाला.

"भिंत भुसभुशीत आहे, साहेब. स्क्रू धरत नाही. लिंपून देतो नंतर."

तो शिडीवरच थांबला. हात कामात असला की त्याला सुचत असे. त्यानं फडकं काढून काच पुसली. एकदा, मग परत एकदा. मग खिशातून मोबाइल काढून त्यावर कॅमेऱ्याचं चित्र उघडलं.

"साहेब, जाळं काढलं. पण दिवसा मोबाइल वाजतो तो जाळ्यानं नाही. या वेलानं. वाऱ्यावर पानं हलतात."

"मग वेल कापा."

"शेजारच्यांचा आहे. मी कापला तर भांडण तुमच्या दारात येईल."

"दुसरं काय करता येईल?"

"चित्रावर चौकोनांची जाळी असते, साहेब. कुठल्या चौकोनात काही हललं तर मोबाइल वाजावा, ते आपण ठरवायचं. वेलाचे चौकोन वगळतो. चित्र सगळं दिसेल. रेकॉर्डिंगही होईल. फक्त पान हललं म्हणून मोबाइल बोंबलणार नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या घरात त्यानं हेच सांगितलं असतं. तो एकेका चौकोनावर बोट ठेवत गेला. भिंतीवरचा वेल. दारावरचा वेल. दार. फाटक. एक चौकोन दोनदा पुसावा लागला.

"झालं?"

"झालं."

"थांबा, बघू. तू जरा चालून दाखव गं."

वहिनींनी शिडी सोडली. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाल्या. त्या वेलाखाली जाऊन चालल्या आणि मोबाइल वाजलाच नाही, तर साहेब सगळे चौकोन तपासतील.

"वहिनी, तिकडं नको, इकडं या," तो घाईनं म्हणाला. "माझ्या शिडीपाशी. हां, आता चाला."

त्या चालल्या. पलीकडे कुठंतरी, ऑफिसातल्या टेबलावर, काहीतरी टिंगटिंगलं. बोळीतही ते ऐकू आलं.

"वाजला," साहेब म्हणाले. "आणि वेलाखाली?"

"वेलाखाली नाही वाजणार. दारापासून फाटकापर्यंत तुमचा वेलच आहे. शिडीच्या अलीकडे कुणी आलं की वाजेल." तो कॅमेऱ्याशी बोलत होता. खाली बघायची त्याची छाती होत नव्हती. "मागचं फाटक आतून बंद असतं ना?"

"कायम."

"मग बाहेरून कोण येणार तिथून?"

"तेही खरंच," साहेब म्हणाले.

गुरुवारी त्याचं कशातच लक्ष नव्हतं. एका दुकानाच्या कॅमेऱ्याला वीज पोचत नव्हती. तो जोड सोडत होता, लावत होता. दुकानदार म्हणाला, "अहो, बटणच दाबलेलं नाही तुम्ही." अकरा वाजले. साडेअकरा. बारा.

दीडला साहेबांचा फोन आला. "जरा येऊन जा." आवाज नेहमीसारखाच होता.

साहेब दिवाणखान्यात बसले होते. टीव्हीवर बोळ दिसत होती. साहेबांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. अकरा वाजून सात मिनिटांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. वहिनी एक पिशवी घेऊन बाहेर आल्या. मागून मुलगी. मुलगी अनवाणी होती. बूट हातात धरले होते, छातीशी. ती चवड्यांवर चालत होती. कॅमेऱ्याला आवाज ऐकू जातो, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. फाटक उघडलं. दोघी गेल्या.

शिडीवाल्यानं मान खाली घातली. पाल चुकचुकली तरी ऐकू येईल, हे त्यानंच सांगितलं होतं.

"मोबाइल वाजला नाही," साहेब म्हणाले.

"वेलाचे चौकोन आपण वगळले होते, साहेब. तुम्हाला विचारूनच."

"विचारूनच," साहेब म्हणाले. त्यांनी टीव्ही बंद केला. "जाऊ द्या. मागच्या गल्लीत गणिताच्या बाईंच्या फाटकावर कॅमेरा आहे. तोही तुम्हीच लावलाय ना?"

बाईंचा कॅमेरा तो साफ विसरला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानंच बसवला होता, गल्लीकडे तोंड करून, नऊ फुटांवर. गाडीचा नंबर त्यात लख्ख दिसणार होता.

"चला," साहेब म्हणाले. "गाडी कुणाची ते कळलं की झालं. मला फक्त बोलायचंय तिच्याशी."

बाई शाळेत गणित शिकवत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण गल्ली अजून त्यांना बाईच म्हणे. त्यांनी दार उघडलं, आधी साहेबांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"सकाळचं रेकॉर्डिंग बघायचं होतं," साहेब म्हणाले. "घरी एक अडचण झालीय."

"मला नाही बाई कळत त्यातलं. ह्याला कळतं." बाई बाजूला झाल्या. "लाव रे."

त्यांना काही माहीत होतं का, त्याला समजेना. त्यानं टीव्ही चालू केला. रेकॉर्डरचा दिवा नीट लुकलुकत होता. डिस्कची घरघर निरोगी होती. ते यंत्र इतकी वर्षं इमानानं चाललं होतं. साहेब त्याच्या खांद्यामागे उभे होते. त्यांचा श्वास मानेला लागत होता.

रेकॉर्डरला चार कॅमेऱ्यांची सोय होती. बाईंकडे कॅमेरा एकच. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, एक. त्यानं माउस हलवला आणि एकाचे दोन केले. तारीख आजची. शोधा.

रेकॉर्डिंग सापडले नाही, असं पडद्यावर आलं.

त्यानं माउसचा बाण कोपऱ्यात नेला. बरोबर त्या दोनवर ठेवला. हात तिथंच दाबून धरला.

"डिस्क गेलीय," तो म्हणाला. बारा वर्षांत यंत्राबद्दल गिऱ्हाइकाशी बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं.

"परत बघा."

"बघितलं, साहेब. काहीच नाही."

बाई चष्मा सावरत पुढं आल्या. त्यांनी पडदा वाचला. मग बाण बघितला. बाणाच्या मागून दोनाची शेपटी जरा दिसत होती. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या वह्यांत असलेच आकडे पकडले होते.

"तरी म्हटलं," बाई म्हणाल्या, "सकाळपासून कण्हतंय कशानं! आणि तू मेल्या, सहा महिने फिरकला नाहीस. फोन केला की येतो येतो. काढ ती डिस्क. नवी बसवून दे."

"चुकलंच, बाई."

तो स्क्रू सोडायला लागला. साहेबांनी हात पुढं केला. "माझ्याकडे द्या. गोदामात माझा एक माणूस आहे, बिघडलेल्या डिस्कमधूनही काढतो."

"माझी वस्तू आहे," बाई म्हणाल्या. "मी ह्याला दिलीय. तुम्ही घरी जा. पोलिसांत विचारा, तिथं काही कळलं तर."

पोलिसांचं नाव निघाल्यावर साहेबांचा हात हळूच खाली आला. डिस्क पिशवीत जाईपर्यंत ते बघत होते.

घरी त्याची बायको शिवणयंत्रावर बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. बोलताना पाणी दोनदा सांडलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"आणि मला आज सांगताय? तरीच चार दिवस भिंतींकडं बघून जेवत होता."

त्यानं डिस्क टेबलावरच्या जुन्या रेकॉर्डरला जोडली. पडद्यावर दोन पर्याय आले. पाहा. पुसा.

"बघा तरी एकदा," बायको म्हणाली. "गाडीत बसल्या का. मागून कुणी आलं नाही ना. दोन मिनिटांचं काम."

"बघितलं की नंबर कळेल."

"कळू दे की. तुम्ही काय सांगणार आहात थोडंच?"

"आज नाही सांगणार." तो थांबला. "पण तो परत येईल. उद्या येईल, परवा येईल. गोड बोलेल. त्याच्या ओळखीची अकरा घरं आहेत, ती सगळी कामं तोडेल. मी काही फार धीट माणूस नाही गं."

त्याला बघायचं होतं. गाडीचं दार उघडताना बघायचं होतं. पोरीनं बूट घातले का, ते बघायचं होतं. बाण पहिल्या पर्यायावर थांबून राहिला. मग त्यानं तो खाली नेला.

सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचे?

त्यानं दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. दोघंही ती बघत राहिले. ती भरत आली तेव्हा मोबाइल वाजला. साहेबांचा फोन होता. बायकोनं मानेनंच नको म्हटलं. तो तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं उचलला.

"बोला, साहेब," तो म्हणाला. आता विचारलं असतं तरी सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.