विषय : मत व्यक्त न करणेबाबत

शाळेच्या लोखंडी कपाटात जुने तक्ते साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. मग एक दिवस काहीतरी दुसरंच शोधायला कपाट उघडावं, तर सगळे एकदम पायावर! मी सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं आणि मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझ्याकडचे निम्मे किस्से मात्र शेवटच्या दीड-दोन वर्षांतले आहेत. ते सगळे एका परिपत्रकाचे उपकार.

परिपत्रक तुमच्याही कानावर आलं असेल. सरकारी नोकराने समाजमाध्यमावर सरकारवर टीका करायची नाही. केली तर शिस्तभंग. चांगलं काही सांगायचं असेल तर मात्र हरकत नाही.

शाळेचं नाव सांगत नाही. नांदेड जिल्ह्याच्या लातूरकडच्या टोकाला, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत, कारण ती अजून नोकरीत आहेत. पेन्शनवाल्यांना परिपत्रक लागू आहे का, ते मी विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

स्टाफरूममध्ये आम्ही पाच जण. मुख्याध्यापक केंद्रे सर, गित्ते सर, पठाण सर, कांबळे सर आणि मी एकटी बाई. केंद्रे सरांनी परिपत्रक वाचून दाखवलं. कांबळे सर म्हणाले, "मग दाराचं काय?"

मुलींच्या शौचालयाचं दार वादळात गेलं, ते गेलंच होतं. कांबळे सरांनी तीन अर्ज केले होते. सातवीतल्या दोन मुलींनी शाळेत येणंच बंद केलं होतं. सर आता फोटो काढून फेसबुकवर टाकणार होते, तेवढ्यात हे परिपत्रक आलं.

केंद्रे सर म्हणाले, "कांबळे, तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. घर शाळेपासून दहा मिनिटांवर. कारवाई झाली तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, हिमायतनगरच्या पल्याड टाकतील तुम्हाला. कोण करील त्यांचं?"

कांबळे सरांनी फोन खिशात ठेवला. पण विषय खिशात गेला नाही.

* * *

परिपत्रकाच्या मागोमाग एक तक्ता आला. प्रत्येकाने आपली समाजमाध्यमांवरची खाती लिहून द्यायची. रकाना तीन : खात्याचे नाव.

केंद्रे सर म्हणजे कडक माणूस. मुलं सोडाच, गावातले बाप लोकही त्यांना बघून बिडी विझवायचे. तक्ते गोळा करून वर पाठवायचं काम त्यांचंच. त्यांनी आमचे घेतले, आपला सगळ्यात खाली घातला आणि वर पेपरवेट ठेवला.

त्या दिवशी पंखा जरा जास्तच जोरात फिरत होता. पेपरवेट उचलायला आणि वाऱ्याचा झोत यायला एकच गाठ पडली. कागद खोलीभर उडाले. एक नेमका पठाण सरांच्या पायाशी आला. त्यांनी तो उचलला, वाचला, आणि मोठ्या अदबीने दोन्ही हातांनी केंद्रे सरांना परत दिला.

"घ्या जनाब. दर्दी गुलाब आपणच का?"

केंद्रे सर पाणी प्यायले. मग म्हणाले, "जुनं खातं आहे. नाव बदलायला गेलो तर पासवर्ड विचारून राहिलंय!"

त्यानंतर महिनाभर आम्ही त्यांच्या केबिनमध्ये गुलाबाचा हार आला तरी एकमेकांकडे बघत नव्हतो.

* * *

गित्ते सरांचा स्वभाव भित्रा. रस्ता ओलांडताना ते बैलगाडीलासुद्धा आधी जाऊ देतात. त्यांना प्रश्न पडला, की दुसऱ्याने केलेल्या टीकेखाली आपण अंगठा दाबला, तर ते आपलं मत धरतील का?

आम्ही म्हटलं, "नका दाबू." पण त्यांचं समाधान होईना. त्यांनी रीतसर अर्ज केला. "अंगठा या चिन्हाबाबत मार्गदर्शन व्हावे."

अर्ज तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला गेला, आणि चार महिन्यांनी तीन जावक क्रमांक घेऊन परत आला. उत्तर होतं, "आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी."

गित्ते सरांनी उचित कार्यवाही केली. सगळी खाती बंद केली, मोठा फोन कपाटात ठेवला आणि बटणांचा फोन घेतला. आठ दिवस त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही शांती होती, की बघून हेवा वाटावा!

नवव्या दिवशी त्यांना मेमो आला. "आपली ऑनलाइन हजेरी भरलेली नाही. खुलासा करावा."

पठाण सर म्हणाले, "गित्ते, समजून घ्या. ऑनलाइन ऱ्हायाचं, पण बोलायचं न्हाई. सासरी नांदल्यावानी."

* * *

गंमत अशी, की बोलायचं बंद झाल्यावर गित्ते सरांना बोलायची हुक्की आली. तीस वर्षांत जे सुचलं नाही, ते सगळं एकदम सुचायला लागलं. रस्ते, एस्टीच्या वेळा, खतांचे भाव! त्यांनी बायकोच्या नावाने खातं उघडलं. सुनीता वहिनी काही सरकारी नोकर नव्हत्या. दिवसा परिपत्रकाला दबून असलेला माणूस संध्याकाळी बायकोच्या नावाने वाघ व्हायचा.

तीन महिन्यांत सुनीता वहिनी तालुक्यात गाजल्या. महिला दिनाला लातूरच्या एका मंडळाने त्यांना बोलावलं. पत्रिकेत छापलं होतं, "निर्भीड लेखिका."

"अवो, मी काय लिहिलंय ते तरी सांगा!" वहिनी नवऱ्याला विचारू लागल्या. गित्ते सरांनी चार पोस्ट पाठ करून घेतल्या. एस्टीत त्यातल्या दोन विसरल्या.

वहिनी माइकसमोर उभ्या राहिल्या. सर पहिल्या रांगेत घामाघूम. वहिनी म्हणाल्या, "मी घरात बी असंच बोलते. पण तिथं कुणी शाल देत न्हाई."

टाळ्या थांबेनात! त्या दिवसापासून वहिनींनी पासवर्ड बदलला आणि त्या स्वतः लिहू लागल्या. पहिली पोस्ट जेवून ताट न उचलणाऱ्या नवऱ्यांवर होती. गित्ते सरांना काही म्हणता येईना. खातं वहिनींच्या नावाचं, मतं वहिनींची, आणि ताट सरांचं!

* * *

निवडणूक जवळ आली की आमच्याकडे पोलीस ठाण्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनची बैठक होते. ग्रुपवर कोणी काही वावगं टाकलं तर जबाबदार अ‍ॅडमिन, असं तिथे समजावून सांगतात. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या अकरा शाळांचा मिळून एक ग्रुप होता. अ‍ॅडमिन केंद्रे सर. बैठकीच्या नुसत्या विचाराने त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं.

पठाण सरांनी तोडगा काढला. "सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करू. मग जिम्मेदारी कुणाचीच न्हाई!"

केलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून सगळ्यांनाच फोन आले.

आम्ही चाळीस जण ठाण्याच्या आवारात उभे. खुर्च्या बारा. साहेब बाहेर आले आणि बघतच राहिले.

"हे सगळे अ‍ॅडमिन?"

"हाव साहेब."

"मग ग्रुपमध्ये नुसता सदस्य कोण आहे?"

मागून निवृत्त देशमुख गुरुजींनी हात वर केला. त्यांना अ‍ॅडमिन करायचं राहून गेलं होतं. "मी हाय. मला बुलावणं न्हाई. सगळे निघाले म्हणून मी बी आलो."

साहेब म्हणाले, "गुरुजी, चाळीस अ‍ॅडमिन तुमच्यावर लक्ष ठेवून आहेत. जपून लिहा!"

"मला टाइप करता येत न्हाई, साहेब."

"उत्तम! आदर्श सदस्य!"

सगळे हसले. त्या हशात कांबळे सरांनी हात वर केला. "साहेब, आमच्या शाळेच्या दाराचा फोटो टाकला तर चालंल का?"

"फोटोत दार दिसतंय?"

"न्हाई."

"मग दाराचा फोटो कसा म्हणता?" साहेबांनी विचारलं. कांबळे सरांनी हात खाली घेतला. पण परतताना एस्टीत ते स्वतःशीच काहीतरी जुळवत होते.

* * *

हा किस्सा माझ्या घरचा आहे, तरी स्टाफरूममध्येच घडला.

माझे यजमान सुधाकर यांचा अहमदपूरला छापखाना होता. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, असली कामं. ते परिपत्रकाच्या आधीच्या हिवाळ्यात गेले. फेसबुकवर त्यांचा शब्द चालायचा. पोस्ट टाकण्याआधी फोन माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "सेन्सॉर मॅडम, बघा." मी बघायची. "माझी नोकरी आहे," म्हणायची. ते हसून पुसून टाकायचे. त्यांचं खातं मी बंद केलेलं नाही. वाढदिवसाला अजून लोक लिहितात, "शतायुषी व्हा!" लोक चांगले आहेत, एवढंच की वाचत नाहीत.

एकदा मधल्या सुट्टीत पठाण सर उसळले. "मॅडम, दाराचा फोटो भाईजानच्या खात्यावरून टाका. त्यांना कोण नोटीस देणार?"

बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. कोणी डबा उघडेना. मग मीच हसले. काय करणार, मुद्दा बिनतोड होता!

घरी जाऊन मी सुधाकरांचा फोन काढलाही. त्यात एका ठिकाणी त्यांच्या पोस्ट ठेवलेल्या होत्या. मला वाटायचं, पुसून टाकायचे. पुसलेल्या नव्हत्या, फेसबुकवर टाकल्या नव्हत्या एवढंच. एकशे बारा. मी काही वाचल्या आणि फोन चार्जिंगला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कांबळे सरच म्हणाले, "राहू द्या मॅडम. त्यांच्या नावानं नको. माझं दार मीच मागतो."

* * *

सोमवारी कांबळे सरांनी पोस्ट टाकली, स्वतःच्या नावाने. फोटो शौचालयाचा होता. नुसती चौकट, आणि तिच्यावर कांबळे वहिनींची जुनी चादर. खाली मजकूर : "आमच्या शाळेतील मुलींच्या शौचालयाला मजबूत दार मिळवून दिल्याबद्दल प्रशासनाचे मनःपूर्वक जाहीर आभार!"

ज्यांनी फोटो बघितला नाही, त्यांनी अभिनंदन केलं. ज्यांनी बघितला, त्यांनी जास्त केलं. "लई भारी दार हाय सर, हवा बी खेळती!" "कुलूप कुठून आणलं?" "आमच्या गावात बी असंच दार हाय, पण आभार मानायचे ऱ्हाऊन गेले!" बिलोलीपर्यंतच्या शाळांमधून फोटो यायला लागले.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. शिस्तभंगाची कारवाई का करू नये, तीन दिवसांत खुलासा करा. केंद्रे सरांनी ती घडी घालूनच कांबळे सरांना दिली.

कांबळे सरांनी खुलासा दोन ओळींत लिहिला. "मी टीका केलेली नाही, आभार मानले आहेत. दार नसताना आभार मानले असे कार्यालयाचे म्हणणे असल्यास, दार नाही असे कृपया लेखी कळवावे."

आठ दिवस काही आलं नाही. सर वर्गात नेहमीसारखे शिकवायचे, पण डबा तसाच घरी न्यायचे. हिमायतनगरला तळमजल्यावर खोली मिळेल का, असं ते फोनवर कुणाला तरी विचारत होते. मला बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

मग निरोप आला. गुरुवारी अकरा वाजता तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या विस्तार अधिकारी मॅडम स्थळ पाहणीला येणार.

बुधवारी दुपारी चार वाजता फाटकाशी एक टेम्पो थांबला. दोन माणसं उतरली. त्यांनी चादर काढून नीट घडी घातली, लोखंडी दार बसवलं, कडी लावून बघितली आणि गेली. कोणी पाठवलं ते सांगितलं नाही. सहीसुद्धा घेतली नाही!

गुरुवारी सातवीच्या वर्गात त्या दोन मुली पहिल्या बाकावर बसल्या होत्या. गावात बातमी लागायला फेसबुक लागत नाही.

मॅडम वेळेवर आल्या. चेहरा कठोर, हातात फाइल. त्यांनी दार उघडलं, लावलं, आत जाऊन कडी घातली, बाहेर आल्या. मग उभ्याउभ्याच लिहिलं आणि केंद्रे सरांना वाचून दाखवलं. "प्रत्यक्ष पाहणीत दार आढळून आले. शिक्षकाचा मजकूर वस्तुस्थितीस धरून आहे. सबब नोटीस निकाली काढण्यात यावी."

केंद्रे सर खुर्चीत बसले ते चहा येईपर्यंत उठले नाहीत. कांबळे सरांनी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला.

मॅडमनी चहा घेतला आणि निघाल्या. जीपपर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या. मी आणि कांबळे सर पायरीवर उभे होतो.

"सर, तुमच्या खात्यावर लोक किती असतील?"

"असतील दोनेक हजार. कामून मॅडम?"

मॅडमनी मागे वळून ड्रायव्हर जीपमध्येच आहे ना ते बघितलं.

"आमच्या कार्यालयात आम्ही सहा बायका आहोत. महिलांचं प्रसाधनगृह आहे, बाहेर पाटीसुद्धा आहे. आत जुन्या फायली भरल्यात." आणि फाइल छातीशी धरून हळूच म्हणाल्या, "तेवढे त्याचेही जाहीर आभार मानून टाका ना."