एकाच नावाच्या दोघी

अमरावतीला बी.एड. करत होते तेव्हा वसतिगृहातल्या माझ्या खोलीत जी मुलगी राहायला आली, तिचं नाव आणि माझं नाव एकच निघालं. मी मोर्शीची, ती अकोल्याची. बाकीच्या मुली आम्हाला गावावरूनच हाक मारायच्या.

माझं नाव आईनं एका कादंबरीतून उचललेलं. वाचनालयातून आणलेल्या त्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती, त्यामुळे नायिकेचं पुढं काय झालं ते आईलाही ठाऊक नव्हतं. आणि अकोलेवालीचं नाव? उपासानं खंगलेल्या बुद्धांना खीर देणाऱ्या बाईचं. तिच्या आजीनं मुद्दाम ठेवलेलं.

एका वैशाख पौर्णिमेला ती मला अकोल्याला घेऊन गेली. विहारात आजी खीर वाटत होती. नातीला तिनं समोर उभं केलं आणि नावाची गोष्ट सांगायला लावली. ती न अडखळता बोलली. बाया कौतुकानं ऐकत होत्या. मग आजी माझ्याकडे वळली.

"तुयं बी तेच नाव हाये म्हन्ते. मंग तू आमचीच."

खीर गोड होती, पण मी वाटी अर्धीच ठेवली. माझ्या नावासाठी कधी कोणी चूल पेटवली नव्हती.

पुढं मला वलगावच्या शाळेत नोकरी लागली. पाचवीच्या पोरींनी पहिल्याच आठवड्यात नावाचा अर्थ विचारला आणि मी बेधडक तिची गोष्ट माझी म्हणून सांगितली. माझी आजी, दरवर्षीची खीर, सगळं. माझी खरी आजी तर मी जन्मायच्या आधीच गेली होती. पोरी खूश झाल्या. पुन्हा पुन्हा सांगायला लावू लागल्या, आणि मीही दर वेळी थोडं वाढवत गेले.

गेल्या वर्षी ती आमच्या शाळेत आली, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला. माझ्या वर्गात येऊन तिनं आपलं नाव सांगितलं मात्र, एक पोरगी ताडकन उठली.

"म्याडम, आमच्या म्याडमचं बी हेच नाव हाये! त्यायची आजी खीर वाटते!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फळा पुसायला वळले.

"हो," ती पोरीला म्हणाली, "म्या खाल्ली हाये ते खीर."

तिनं मला उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. हा मोठेपणाही तिच्याकडेच असावा, याचाच मला जास्त राग आला.

शाळा सुटल्यावर बसथांब्यावर तिनं विचारलं, "काहून केलं असं?"

"तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो."

"आजी गेली माही, दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "तिले सांगितलं असतं तं तिनं हासून देली असती तुले गोष्ट. म्या नसती देली."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला खरं काय ते सांगितलं. पोरी हिरमुसल्या. दोघी-तिघी तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. शेवटी मीच तिला फोन केला आणि गोष्ट सांगायला ये म्हटलं.

ती आली, वैशाखाची वाट न पाहता, मोठा डबा भरून खीर घेऊन. वाटायला मला लावलं. पोरी मात्र तिच्याभोवतीच जमल्या होत्या. मी वाट्या भरत होते, आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.