आमचं स्टॉपवॉच मंडळ

गाड्यांच्या शर्यतीत आम्ही हौसेनं टाइमकीपर म्हणून जातो. गाडी समोरून जाते दोन सेकंदांत आणि पुढची येईपर्यंत आम्ही उन्हात रिकामे. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? मंडळात आम्ही तिघं: छावणीत घड्याळं दुरुस्त करणारे सलीमभाई, पिढीजात भिक्षुकी सोडून बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका आणि वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी तपासणारी मी. आमच्याइतकं चोख काम अख्ख्या मराठवाड्यात कुणी करत नाही, हे मी छातीठोक सांगते.

*

पैठण रस्त्यावर रॅली होती. तीत ठरल्या मिनिटालाच पोहोचायचं असतं. उशीर झाला तर गुण कापतात आणि लवकर आलात तरी कापतात. त्यामुळे आमच्या टेबलाच्या अलीकडं सहा गाड्या निवांत उभ्या. एक आजोबा बराच वेळ बघत होते.

"शर्यत हाय म्हनता, मंग ही थांबलीत कशापायी?"

मी नियम समजावला. आजोबा म्हणाले, "लवकरचं ऱ्हाऊ द्या. उशिराचं तेवढं आमच्या जावयाला सांगा."

*

तिथंच एक ड्रायव्हर मनगट नाचवत भांडायला आला. "माझं घड्याळ इम्पोर्टेड आहे, त्यात मी वेळेवर आहे."

सलीमभाईंनी ते कानाला लावलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "रखके जाओ. परसों ले जाना."

*

जोशीकाकांच्या पुतणीच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक काकांच्या हातात होतं. मुहूर्त जवळ आला तशी त्यांची नजर घड्याळावर खिळली. "पाच, चार, तीन, दोन, एक, गो!" आणि टोक सोडून मोकळे.

गुरुजी हबकले. "अहो, शेवटचं मंगलाष्टक राहिलंय."

काका म्हणाले, "ते आता लेट धरलं जाईल."

*

आता सगळ्यात भारी. वाळूजच्या माळावर एकेक गाडी सोडून वेळ घ्यायची स्पर्धा होती. सलीमभाईंची मुलगी रुखसाना पहिल्यांदाच उतरणार होती. सलीमभाई बाजूला व्हायला निघाले, तर इतर स्पर्धकच म्हणाले, "सलीमभाई असले तर आमची हरकत नाय." मला अगदी भरून आलं.

नियम असा, की दोघांनी घड्याळ दाबायचं आणि फरक पडला तर जास्तीची वेळ धरायची. नजर रेषेवर ठेवायची, गाडीवर नाही. तोवरची सगळ्यात कमी वेळ होती ७२.३ सेकंद. रुखसाना शेवटची. धुरळा उडवत आली आणि रेषा ओलांडून गेली. माझ्या घड्याळात ७२.२. मी उडीच मारणार होते, तोच सलीमभाईंनी आपलं घड्याळ पुढं केलं. ७२.४. त्यांनी स्वतःच्या हातानं तेच लिहिलं आणि कप दुसऱ्याकडं गेला.

हेल्मेट काढून रुखसाना टेबलापाशी आली. तिनं दोन्ही आकडे वाचले.

"अब्बा, तुमारा बटन देर से दबा ना?"

"दबा," सलीमभाई म्हणाले. "लकीर देखना था. तेरेकू देखते रह गया."

"फिर? कैसी चलाई मैं?"

"अव्वल."