उसना आवाज

घनसावंगीच्या स्टँडवर काळीपिवळी जीप लागली की साहेब तिचं दार धरून उभे राहत. "आधी तुमी," असं प्रत्येकाला म्हणत. बायका बसत, पोतीवाले बसत आणि साहेबांना जागाच उरत नसे. मग इस्त्रीचा कोट सांभाळत, वयाच्या पंचाहत्तरीत, ते मागच्या पायरीवर उभं राहून तीर्थपुरीला येत. मी कितीदा चिडलो असेन. "गर्दी त्यांची, शिस्त आपली," असं म्हणून ते मलाही हातानं आधी आत सरकवत.

तुमच्यातल्या जुने सिनेमे पाहणाऱ्यांनी त्यांना नक्की पाहिलंय. कृष्णधवल काळातला तो सडपातळ नायक. बारीक मिशी, तिरकी हॅट, घोटीव आवाज. यातली मिशी त्यांची, चाल त्यांची. आवाज दुसऱ्याचा. पहिल्याच सिनेमात दिग्दर्शकाला त्यांची बोली गावंढळ वाटली. पुढे प्रत्येक सिनेमात एकाच माणसाने त्यांचे संवाद म्हटले. ही गोष्ट बाहेर जाणार नाही, असा शब्द साहेबांनी निर्मात्याला दिला होता.

मारामारीचे रंगीत सिनेमे आले तसे ते नायकाचे थोरले भाऊ झाले, मग वकील, मग वडील. "शेवटच्या पिच्चरात तर मी भिंतीवरच्या फोटोत होतो," ते फक्त मला, घरच्यासारखं समजून सांगत. "हार घातलेला. तेवढ्या एकात दुसऱ्याचा आवाज न्हाई." ते हसत. मला हसू येत नसे.

मी तीर्थपुरीच्या शाळेत मराठी शिकवायचो. हट्टाने त्यांना स्नेहसंमेलनाला बोलावलं. मुलांनी नायिकेचा निरोप घेतानाचा तो गाजलेला संवाद मागितला. साहेबांनी उठून कोटाचं बटण लावलं आणि स्वतःच्या आवाजात, सावकाश, जीव ओतून तो म्हटला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मोबाइलवर मूळ दृश्य लावलं. आधी खुसखुस झाली, मग उघड हसणं. एक पालक म्हणाला, "हे डुप्लिकेट हाये."

माइक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी आभार मानून पुढचं नृत्य सुरू केलं.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "का सांगू दिलं नाही? तो निर्माता जाऊन वीस वर्षं झाली."

"तेच तर," साहेब म्हणाले. "शब्द त्याला दिल्ता सर. मंग मला त्यातून मोकळं कोन करनार?"

मी तरीही सगळं खरं सांगणारा लेख लिहिला आणि त्यांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि कधीच परत दिला नाही. आज तो पुन्हा लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात साहेब गेले. शोकसभा त्यांच्या दारातच होती. मांडववाल्याने भोंग्यावर तोच संवाद लावला होता. संपला की पुन्हा सुरू.

साहेबांच्या पत्नीने, काकूंनी, मला आत बोलावलं. "सर, ते बंद करायला सांगा. कोन बोलून राह्यलं ते? पन्नास वर्सं यांच्याशी बोलले मी."

मी बाहेर जाऊन मांडववाल्याला सांगितलं.

"सरपंचांनीच लावायला सांगितलं सर," तो म्हणाला. "लोक ऐकून रडून राह्यले, बघा की."

खरंच, पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मी बराच वेळ त्याच्याशी भांडलो. शेवटी त्याने आवाज थोडा कमी केला.