काठीचं दुसरं टोक

माझ्या निवृत्तीच्या समारंभात चार जणांनी भाषणं केली आणि चौघांनीही एकच गोष्ट सांगितली. सरांनी सख्ख्या पुतण्याच्या कागदावरसुद्धा खोटी सही केली नाही. टाळ्या वाजल्या. खांद्यावर शाल होती, मांडीवर नारळ होता आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. मुंग्या येतात त्याच्या आधीचं ते.

ज्याच्या मुलाची ती गोष्ट होती, तो माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, समारंभाला आला नव्हता. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

स्काउटचं आधी सांगायला हवं, कारण खरं बोलायची खोड तिथलीच. निपाणीजवळच्या आमच्या गावच्या हायस्कुलात स्काउटचं पथक होतं. अण्णा दहावीत, मी आठवीत. तो आमच्या संघाचा नायक आणि मला घातलं त्याच्याच संघात. घरी थोरला, शाळेत नायक. सुटायला जागाच नव्हती. हुकूम हिंदीत, शाळेची पाटी कन्नडमध्ये आणि शिव्या मराठीत, असा आमचा कारभार होता.

स्काउटच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात डाव्या हातानं हात मिळवायला शिकवलं. लढणाऱ्याच्या डाव्या हातात ढाल असते. ती खाली ठेवून जो डावा हात पुढे करतो, त्याचा आपल्यावर विश्वास असतो, असं ते म्हणाले. वर करंगळीत करंगळी अडकवायची. आम्ही घरी येऊन उंबऱ्यातच करून पाहिलं आणि आईनं ते बघितलं.

"डाव्या हातानं काय करत्यात ठावं न्हाय व्हय रं? असला हात कुणाम्होरं करू नगासा. मार खाशीला."

मग आम्ही ते आईच्या पाठीमागं करायला लागलो, आणि मोठे झाल्यावरही सोडलं नाही. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर अण्णानं मला भरमांडवात डावा हात दिला. सासरची माणसं बराच वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

त्या वर्षीचं शिबिर खानापूरच्या पुढं रानात होतं. आमच्या संघाचं पाणी आणायचं काम माझ्याकडे आणि आणखी एकाकडे. पिण्याचं पाणी वरच्या झऱ्याचंच आणायचं, खालच्या ओढ्याचं नाही, हा सरांचा दंडक. झरा चांगला चढणीवर. दोघांनी खांद्यावर काठी घ्यायची, मध्ये घागर अडकवायची आणि पावलं जुळवत उतरायचं. तिसऱ्या दिवशी माझा जोडीदार तापानं पडला. मी एकटाच बादली घेऊन निघालो, चढणीकडे पाहिलं आणि ओढ्यातलं पाणी भरून आणलं.

अण्णा बादलीवर वाकला. "पाणी कुठलं?"

"झऱ्याचं."

बादलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा मासा फिरत होता. झऱ्यात मासे नव्हते.

मला वाटलं, भाऊ आहे, झाकेल. त्यानं मला दंडाला धरून सरांपुढे उभं केलं आणि म्हणाला, "सांग तुझ्या तोंडानं." मी सांगितलं. पाणी ओतून दिलं, चूल उशिरा पेटली, उत्कृष्ट संघाचा झेंडा दुसऱ्या संघाच्या तंबूवर गेला. माझ्याशी कुणी बोलेना. मी तंबूमागं बसलो होतो, तिथं अण्णा आला. त्याच्या हातात काठी आणि घागर होती.

"ऊठ. टोक धर."

दुसरं टोक त्यानं आपल्या खांद्यावर घेतलं. भरली घागर घेऊन उतरताना माझ्या लक्षात आलं की त्यानं ती काठीवरून हळूच आपल्या बाजूला सरकवली आहे.

दहावीनंतर अण्णानं शाळा सोडली आणि तंबाखूच्या रानात उतरला, म्हणून मी शिकलो. शिक्षक झालो, त्याच शाळेत मुख्याध्यापक झालो, पथक चालवलं. दर वर्षी नव्या मुलांना माशाची आणि गेलेल्या झेंड्याची गोष्ट सांगायचो. मुलं हसायची, मग गप्प व्हायची. काठीचं सांगायचं राहून जायचं, तेवढ्यात तास संपायचा.

पुतण्या माझ्याच शाळेतून दहावी झाला. पुढे सरकारी नोकरीत खेड्यातल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागेसाठी त्याला ग्रामीण सर्टिफिकेट लागत होतं. पहिली ते दहावी सगळी वर्षं खेड्यातच शिकला, असं शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकानं जुने दाखले बघून लिहून द्यायचं असतं. दहापैकी नऊ वर्षं तो खेड्यातच होता. तिसरीत असताना वैनी आजारी होत्या, म्हणून त्याला वर्षभर बेळगावला मामाकडे ठेवलं होतं. ते एक वर्ष रजिस्टरात होतं.

अण्णा ऑफिसात आला. कधी यायचा नाही. माझ्या समोरच्या खुर्चीत, पालक बसतात तिथं, टोकावर बसला. ओल्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली.

"एकच वरीस हाय रं. कोण बघतंय?"

"अण्णा, रजिस्टरात दाखला हाय."

"तुझ्या कपाटात हाय न्हवं रजिस्टर?"

तेव्हा मी जे बोललो ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं, कारण बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. म्हणालो, "पाणी कुठलं म्हणून तूच इचारलंवतंस."

तो म्हणाला, "ते शिबिर होतं. ह्यो पोराचा जलम हाय."

उठला. मी सवयीनं डावा हात पुढे केला. त्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई म्हणायची त्ये खरं. असला हात कुणाम्होरं करू नगंस." शेंगा टेबलावरच राहिल्या.

सही केली नाही याचं मला वाईट वाटत नाही. आजही करणार नाही. दहाच्या दहा वर्षं खेड्यात काढलेला एखादा पोरगा त्या जागेवर लागला असेल, आणि ती जागा त्याचीच होती. पण दुसऱ्या दिवशी मी काय केलं? पुतण्याच्या अर्जावर नकाराचं कारण लिहिलं, खाली तारीख घातली आणि तो शिपायाच्या हाती अण्णाच्या घरी पाठवून दिला. घर माझ्या वाटेवर होतं. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या दारावरून जात होतो. पोराला घेऊन दुसरीकडे कुठं प्रयत्न करता आला असता, दुसऱ्या परीक्षेला बसवून अभ्यास घेता आला असता; मास्तर होतो मी, एवढं तर येत होतं. अण्णानं मला खरं बोलायला लावलं आणि मग काठी घेऊन आला. मी नुसतं खरं बोललो आणि घरी जाऊन जेवलो.

पुतण्या कागलच्या एमआयडीसीत लागला. दिसला की वाकून नमस्कार करायचा, ते मला जास्त जड जायचं. अण्णा दिसला की मान वळवायचा. बोरगावला एका लग्नात आम्ही एकाच पंगतीत, मध्ये दोन पानं सोडून बसलो. वाढप्यानं मला जिलेबी वाढली ती मी खाल्ली. गोड लागली का, ते आठवत नाही. लोक मला तत्त्वाचा माणूस म्हणायचे आणि मी मान हलवायचो. अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या महिन्यात सकाळी पुतण्याचा फोन आला. अण्णाला तो आप्पा म्हणतो. "काका, आप्पांना लकवा मारलाय. बेळगावात दवाखान्यात हाय. कळवावं म्हटलं."

मी एसटीत बसलो. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घाट आला, गेला. बेळगावात उतरल्यावर काय न्यावं ते सुचेना, म्हणून खडेबाजारात मोसंबी घेतली. बाईनं मोसंबी निवडून देईपर्यंत मी तिच्या हाताकडे बघत उभा होतो. अण्णा गेला तर मला काय वाटेल, असं स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही, आणि त्याची मला भीती वाटली.

वैनी खाटेशेजारी बसल्या होत्या. मला बघून पदर सावरला, बसा म्हणाल्या नाहीत. अण्णाचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. डोळे उघडे होते.

"वळखत्यात," वैनी म्हणाल्या. "बोलाय येत न्हाय."

मी जवळ गेलो. डाव्या हातात मोसंबीची पिशवी होती, म्हणून उजवा हात पुढे केला. अण्णानं मान हलवली, अगदी थोडी. पुन्हा हलवली. मी हात मागं घेतला. बरोबर आहे, म्हटलं. त्याला मी नको असेन, तर आता जावं.

"तसं नव्हं, भावजी," वैनी म्हणाल्या. "उजवी बाजू गेलीया. डावाच काय तो हलतोय."

त्याचा डावा हात चादरीवर थोडा उचलला गेला होता. मी पिशवी खाली जमिनीवर ठेवली आणि डावा हात दिला. माझ्या मनात काही नव्हतं. त्यानं उरलेला हात पुढे केलाय, दुसरं काय करणार, एवढंच डोक्यात होतं. मग त्याची बोटं माझ्या हातात चाचपडायला लागली. फार वेळ लागला. त्याची करंगळी बाकीच्या बोटांपासून सुटी झाली, घसरली, परत आली आणि माझ्या करंगळीत अडकली.

मला रडू आलं. वैनींसमोर, चारचौघांत, या वयात. अण्णा माझ्याकडे बघत होता, शिबिरात बघायचा तसाच.

"वैनी," मी म्हणालो, "तुम्ही घराकडं जाऊन या. मी ऱ्हातो हितं."

"दर दोन तासानं कूस बदलाय लागतीया. जमंल तुमास्नी?"

तेवढ्यात पुतण्या औषधं घेऊन आला. त्यानं आमच्या हातांकडे पाहिलं. औषधं खिडकीत ठेवली, खाटेच्या पलीकडे गेला आणि अण्णाच्या अंगाखालच्या चादरीची एक बाजू मुठीत गोळा केली.

"काका, वेळ झालीया," तो म्हणाला. "दुसरं टोक धरा."